पुण्यातला जुना फ्लॅट रिकामा करायचाय, भंगारवाल्याला उक्तं द्यावं का?

एका ताईंचा प्रश्न आहे. त्या बंगळूरला राहतात. कोथरूडला आईवडिलांचा टू बीएचके फ्लॅट आहे, तिसरा मजला, लिफ्ट नाही. वडील आधीच गेले होते, गेल्या वर्षी आईही गेल्या. आता सोसायटी पुनर्विकासाला चाललीय आणि महिनाअखेर किल्ली बिल्डरला द्यायची आहे. ताईंच्या हातात रजेचे ४ दिवस आहेत. कोपऱ्यावरचा भंगारवाला म्हणतो, सगळं उचलतो, वर तुम्हालाच ७ हजार देतो. सामान हलवून देणारी एक मंडळी २२ हजार मागतात. तिसरा टेम्पोवाला म्हणतो, फेरीचे पैसे द्या, हमाल वेगळे. एक जण पैसे देतोय, दुसरा मागतोय, मग यात फसवतंय कोण, असं त्यांनी विचारलंय.

पुण्यात घरं रिकामी करून देण्याचं काम मी २२ वर्षं करतोय. ताई, माझ्या मते अजून तरी तुम्हाला कोणी फसवलेलं नाही. तिघांनी तीन निरनिराळ्या कामांचे भाव सांगितलेत, एवढंच झालंय.

भंगारवाल्यानं तुमच्या स्वयंपाकघरात आणि माळ्यावर नजर टाकलीय. तिथे पितळी पातेली, डबे, परात, कदाचित तांब्याचा बंब किंवा घंगाळ असणार. पितळ-तांब्याला किलोमागे लोखंडाच्या दहापटीहून जास्त भाव मिळतो. दारात उभ्या उभ्या त्यानं मनातल्या मनात गणित केलं आणि ७ हजार म्हणाला. गाद्या, प्लायवुडचा दिवाण, फुगलेली कपाटं आणि काचा त्याला नको असतात. ‘सगळं उचलतो’ म्हणणाऱ्यांचा माझा अनुभव असा, की पहिल्या संध्याकाळी धातू, फ्रीज, वॉशिंग मशीन आणि रद्दी गेलेली असते आणि तिसऱ्या दिवशी फोन उचलला जात नाही. घरात सहा गाद्या आणि दिवाण तसेच पडलेले, आणि तुमच्या परतीच्या गाडीला चार तास उरलेले.

२२ हजारवाल्यांनी जिने मोजलेत, गाद्या मोजल्यात, कचऱ्याची शेवटची फेरी धरलीय. त्यांचा आकडा अवाच्या सव्वा नाही. पण पितळ-तांबंही त्याच भावात जाणार का, हे त्यांनी सांगितलेलं नसणार आणि तुम्हीही विचारलेलं नसणार. टेम्पोवाल्याचा हिशेब सगळ्यात सरळ आहे, फक्त भरलेली गाडी न्यायची कुठे हे तो तुमच्यावर सोडतोय.

तेव्हा कोणाला द्यायचं हे नंतर. आधी काय काय द्यायचं ते ठरवा. घरात विकण्याजोगं, वाटण्याजोगं, जपण्याजोगं आणि टाकायचं असं सगळं एकाच कपाटात एकमेकांवर रचलेलं असतं. ते न निवडता उक्तं दिलंत, तर निवडणारा माणूस दुसरा कोणीतरी असतो आणि तो स्वतःसाठी निवडतो. मी स्वतः उक्ती कामं घेतो, तरी हे सांगतोय.

मी तुमचं घर पाहिलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी तुम्हालाच बघाव्या लागतील. जिन्याच्या वळणावरून कपाट उभं निघतं का? गाडी थेट दारापर्यंत येते की गल्लीच्या तोंडाशी थांबते? भावंडं असतील तर त्यांचा होकार आहे का? या तिसऱ्या गोष्टीवरून मी कामं अर्ध्यात थांबलेली पाहिलीत, आणि भांडण बहुतेक वेळा शिलाई मशीन किंवा देव्हाऱ्यावरून झालं, पैशांवरून क्वचितच. परदेशातल्या भावाला आधी व्हिडिओ कॉलवर एकेक खोली दाखवा.

आणि एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, जी तिघांपैकी कोणीच तुम्हाला सांगणार नाही. ही इमारत पाडली जाणार आहे. मग भिंतीत ठोकलेली कपाटं, ओट्याखालच्या ट्रॉल्या, कडप्प्याच्या फळ्या, माळ्याची दारं उखडायला मजुरी कशाला द्यायची? बिल्डरसोबतचा करार काढून वाचा. बसवलेल्या वस्तूंबद्दल काय लिहिलंय, खिडक्यांची ग्रिल आणि दारं सभासदानं काढून न्यायची की पाडकाम करणाऱ्याची, हे त्यात असू शकतं. बऱ्याच करारांत सभासदाला स्थलांतराचा खर्चही ठरवून दिलेला असतो. करारात काही नसेल तर बिल्डरच्या माणसाला विचारा, की मोठं लाकडी सामान फ्लॅटमध्येच सोडलं तर चालेल का. ‘हो’ म्हणाला तर तेवढं एका मेसेजमध्ये लिहून घ्या. मागच्या वर्षी एका कामात या एका मेसेजमुळे आमच्या दोन फेऱ्या वाचल्या होत्या. ग्रिल मात्र विचारल्याशिवाय विकू नका.

आता पहिला दिवस. या दिवशी घरात ना भंगारवाला हवा, ना माझ्यासारखा कोणी. फक्त घरचं माणूस, चांगला उजेड आणि रिकामी खोकी.

काही वर्षांपूर्वी सदाशिव पेठेत एक घर रिकामं करत होतो. शिलाई मशीन आधीच विकायचं ठरलं होतं, माणूस खाली गाडी घेऊन थांबला होता. आमच्या पोरानं उचलायच्या आधी सवयीनं मशीनचा खण बाहेर काढला. बटणं, बॉबिनी, खडू, आणि अंगाला लावायच्या पावडरीचा एक जुना पत्र्याचा डबा. डबा हलवला तर आत काहीतरी ठक्कन वाजलं. झाकण गंजून घट्ट बसलं होतं, ते पक्कडीनं काढलं. आत पावडरीचा दगड झाला होता, त्याच्याखाली दुधाच्या पिशवीचं पुडकं. वरचं रबर वितळून प्लास्टिकला चिकटलेलं. पुडक्यात दोन पाटल्या आणि वहीच्या कागदाची घडी, घडीवर पेन्सिलीनं लेकीचं नाव. ती लेक, म्हणजे घर रिकामं करून घेणाऱ्या बाई, तो कागद हातात घेऊन जिन्यातच खाली बसल्या. मशीनवाला खाली हॉर्न वाजवत होता. अर्धा तास आम्ही कोणी काम केलं नाही.

तेव्हापासून आमचा नियम ठरला. प्रत्येक खण पूर्ण बाहेर काढायचा, उलटा करायचा, खणाच्या मागची पोकळी हातानं चाचपायची. कपाटाच्या फळ्यांवर अंथरलेले वर्तमानपत्राचे कागद एकेक उचलायचे, ठेवींच्या पावत्या त्याखालीच सापडतात. साड्यांच्या घड्या उलगडायच्या. तांदळाच्या आणि डाळीच्या डब्यांत तळापर्यंत हात घालायचा. गादीची शिवण एका बाजूला वेगळ्या दोऱ्याची दिसली तर उसवून बघायची. देवांच्या तसबिरींची मागची पुठ्ठी उघडायची. पोथ्या झटकायच्या. तुमच्या आई किती व्यवस्थित होत्या हे मला माहीत नाही, पण त्या पिढीच्या बायकांनी बँकेपेक्षा डब्यांवर जास्त विश्वास ठेवला, हे मी शेकडो घरांत पाहिलंय.

कागदांचं वेगळं सांगतो, कारण रद्दीच्या गठ्ठ्यात नुकसान सर्वांत जास्त होतं. खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं भाग प्रमाणपत्र हे तर पुनर्विकासात लागणारच. त्याशिवाय पोस्टाची प्रमाणपत्रं, विम्याच्या पॉलिसी, बँकेची जुनी पासबुकं काढून ठेवा. कंपन्यांचे कागदी शेअर सापडले तर ‘आता याचं काय होणार’ म्हणून फाडू नका. सलग ७ वर्षं लाभांश कोणी घेतला नाही तर असे शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात, पण वारसाला तिथून परत मागता येतात. कामाला वेळ लागतो, कागद मात्र हातात हवा. आणि एखाद्या ट्रंकेत मोडी लिपीत लिहिलेली जुनी दप्तरं निघाली तर भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन दाखवा. १९१० सालापासून ते मंडळ हेच काम करतंय. मोडीचे कागद मी स्वतः एकदा रद्दीच्या काट्यावरून परत उचललेत.

गॅसचा सिलिंडर भंगारात देऊ नका. तो एजन्सीचा असतो, परत केला की अनामत मिळते. रजेत तेवढी एक चक्कर बसवा.

दुसऱ्या दिवशी विकायचं ते विका. पितळ-तांबं भंगारवाल्याच्या उक्त्या भावातून पूर्ण बाहेर काढा. चांगली, वापरता येतील अशी भांडी असतील तर ती मोडीच्या भावानं देण्याआधी कसब्यातल्या तांबट आळीत किंवा जुन्या भांड्यांच्या दुकानात दाखवा. जुनं घंगाळ, मोठा हंडा, नक्षीचा पानाचा डबा यांना आता शोभेच्या वस्तू म्हणून वेगळं गिऱ्हाईक आहे. सागवानी किंवा शिसवी लाकूड असेल तर तेही वेगळं काढा. ओळखायचं कसं? पायाच्या खालच्या टोकाला, जिथे पॉलिश पोचलेलं नसतं, तिथे नखानं खरवडा. प्लायवुडचे थर लगेच दिसतात. लोखंडी कपाट गंजलेलं नसेल तर भंगारात देऊ नका, वापरलेलं कपाट म्हणून त्याला किलोच्या भावापेक्षा जास्त मिळतं. इन्व्हर्टरची बॅटरी बॅटरीच्या दुकानदाराला द्या, आतल्या शिशामुळे तिला चांगली किंमत येते आणि ॲसिड कोणाच्या अंगावर सांडत नाही.

काट्याबद्दल एक युक्ती सांगतो, ही फुकट आहे आणि पैसे वाचवते. भंगारवाला ताणकाटा किंवा बॅटरीवरचा काटा आणतो. एजन्सीला परत करायच्या आधी घरातला भरलेला, सील न तोडलेला सिलिंडर त्याच्या काट्याला लावा. रिकाम्या टाकीचं वजन सिलिंडरवरच कोरलेलं असतं, त्यात गॅसचे १४.२ किलो मिळवा. बेरीज आणि काटा जुळला तर पुढे बोला. सील तोडलेला असेल तर दोन लिटरच्या पाण्याच्या पाच बाटल्या पिशवीत घालून लावा, दहा किलोंच्या जरासं वर दाखवायला हवं. भांडण करायचं नाही, फक्त सगळ्यांत आधी सिलिंडर लावायचा. काट्यात काही गडबड असेल तर त्याच्या चेहऱ्यावरून तुम्हाला कळेल.

वाटायच्या वस्तूंत मी फार शिरत नाही, तुम्हाला माणसं माहीत असतील. आईंच्या आजारपणातली व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, एअर बेड असेल तर रुग्णांना साहित्य वापरायला देणाऱ्या संस्थांना द्या, अशी केंद्रं पुण्यात अनेक आहेत. सुती साड्या गोधडी शिवणाऱ्यांना. बाकीचे कपडे बोहारणीला. पुस्तकं किलोवर देण्याआधी एक संध्याकाळ द्या, इतकंच म्हणेन.

आता टाकायचं सामान. यावर मी जरा थांबणार आहे, कारण लोक इथेच डोळे मिटतात.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. एरंडवण्यातलं काम संपलं, शेवटची फेरी गाद्या, फुटकी कुंडी, स्वयंपाकघर फोडल्याचा थोडा राडारोडा आणि कागदांची दोन पोती अशी होती. माझी गाडी बंद होती म्हणून बाहेरचा टेम्पो लावला, पैसे दिले आणि ‘नीट टाक’ एवढंच म्हणालो. त्यानं रात्री सगळं नदीच्या कडेला ओतलं. तीन दिवसांनी घरमालकांना फोन आला, कारण पोत्यात त्यांची वीजबिलं होती, नावपत्त्यासकट. दंड त्यांच्या नावावर निघाला. तो मी भरला, पण त्या माणसाला सत्तराव्या वर्षी पालिकेच्या आरोग्य कोठीवर जाऊन उभं राहावं लागलं, याची टोचणी मला आजही आहे. त्यानंतर शेवटच्या फेरीबरोबर आमचा माणूस असतोच. नदीपात्रात पुराच्या आधी ज्या गाद्या आणि प्लायवुड दिसतं, ते कोणाच्या तरी ‘सगळं उचलतो’मधलंच असतं.

तेव्हा ठरवताना प्रत्येकाला हा एक प्रश्न विचारा: उरलेला माल कुठे उतरवणार? ‘ते आमच्यावर सोडा’ हे उत्तर नाही. जागेचं नाव सांगणारा माणूस निवडा आणि गाडी रिकामी झाल्याचा फोटो मागा. राडारोडा असेल तर तो गाद्यांच्या गाडीत मिसळू देऊ नका. बांधकामाच्या कचऱ्याची जागा आणि नियम वेगळे आहेत, त्यात कापूस-लाकूड गेलं की तो कोणीच घेत नाही.

जुना काचेच्या पडद्याचा टीव्ही, फ्रीज, संगणक भंगारवाला आवडीनं नेतो. टीव्हीतल्या तांब्याच्या वेटोळ्यासाठी तो नळी फोडतो आणि शिसं असलेली काच गटाराकाठी टाकून देतो. फ्रीजची मोटर कापताना आतला वायू हवेत सोडला जातो, आणि जुन्या फ्रीजमधला वायू ओझोनच्या थराला घातक आहे. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यानुसार हे काम नोंदणी असलेल्या कारखान्यातच व्हायला हवं. दोन-चारशे रुपये कमी मिळाले तरी चालतील, पण टीव्ही फोडणाऱ्याच्या हातात देऊ नका. त्याची पोरं त्याच अंगणात खेळतात, मी ती वस्ती पाहिलीय.

यासाठी तुमच्या सोसायटीत रोज कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना आधी विचारा. पुण्यात कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ साली उभी राहिली, तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. जुने कपडे, वापरण्याजोग्या वस्तू आणि ई-कचरा गोळा करण्याचा ‘व्ही-कलेक्ट’ हा उपक्रम त्यांचाच. शिवाय वीस वर्षं तुमच्या आईंच्या दारातून कचरा नेलेल्या बाईंना निदान पुठ्ठे, बाटल्या आणि चालू स्थितीतला मिक्सर मिळायला हरकत नसावी.

मजुरीबद्दल. तिसऱ्या मजल्यावरून लिफ्टशिवाय एक माणूस दिवसात चाळीसेक फेऱ्या करतो. त्यापुढे पाय थरथरायला लागतात आणि अपघात तेव्हाच होतात. लोखंडी कपाट चुंबळ ठेवून एकट्यानं पाठीवर घेणारे हमाल मी पाहिलेत, आमच्याकडे मी ते करू देत नाही. खण काढायचे, दारं दोरीनं आवळायची, दोन माणसं खाली आणि एक वर, वळणावर कपाट टेकवून श्वास घ्यायचा. त्यामुळे जो तुम्हाला ‘दोन माणसांत एका दिवसात’ म्हणतोय, तो एक तर खोटं बोलतोय किंवा त्या दोघांना मारतोय. तुमच्या घराला माझ्या हिशेबानं चार माणसं आणि दीड दिवस लागेल. गाडी छोटा हत्ती (टाटाचा लहान टेम्पो) असेल तर तीन फेऱ्या, कारण त्यात साधारण पाऊण टन बसतं आणि गाद्या वजनाआधी जागा खातात. काचा आधीच कागदात गुंडाळून खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘काच’ लिहा. पाणी आणि चहा ठेवा. मजुरी त्याच संध्याकाळी, माणसांच्या समोर द्या.

भाव ठरवताना तिघांनाही परत बोलवा, पण निवड झाल्यावर, आणि उरलेला ढीग दाखवून. मग बघा, २२ हजारवाले किती खाली येतात. कागदावर चार ओळी घ्या: कोणत्या वस्तू, कोणत्या तारखेपर्यंत, सगळं धरून किती, उरलेला माल कुठे. निम्म्याहून जास्त आगाऊ देऊ नका. सोसायटीच्या सेक्रेटरींना गाडीची वेळ कळवा, जिन्यात कोणाची सायकल-कुंड्या असतील तर आदल्या दिवशी हलवायला सांगा.

तुमच्या चार दिवसांत हे असं बसतं: पहिला दिवस फक्त शोधण्याचा आणि कागदांचा, दुसरा धातू, लाकूड, बॅटरी आणि सिलिंडर, तिसऱ्या दिवशी सकाळपासून हमाल, आणि त्यांच्याबरोबरच वाटायच्या वस्तू आणि ई-कचरा. चौथ्या दिवशी अर्धा दिवस उरलेलं उचलायला आणि अर्धा तुमचा स्वतःचा. पावसाळ्यात येत असाल तर गाद्या तिसऱ्या दिवशीच काढा, भिजलेली कापसाची गादी दुप्पट जड होते आणि कोणी हात लावत नाही. या हिशेबात भंगारवाल्याला मी वाईट ठरवत नाही. लोखंड, रद्दी, प्लास्टिक त्यालाच द्या, काटा तपासून, तो ते काम चोख करतो. गाद्या, दिवाण आणि शेवटच्या फेरीसाठी जागेचं नाव सांगणारा माणूस पैसे देऊन लावा. तुमच्या धातूच्या पैशांतून त्याची मजुरी बहुतेक निघेल.

सगळं निघाल्यावर, किल्ली देण्याआधी, स्टुलावर चढून माळ्यांवर टॉर्च मारा, अगदी मागच्या भिंतीपर्यंत. न्हाणीघरावरचा माळा लोक विसरतात. मी शेवटच्या दहा मिनिटांत तिथून पाळणा काढलाय, दोऱ्या आणि कड्यांसकट, जुन्या चादरीत बांधलेला.